मंदीच्या साली आधी गेलेले अर्ज



या पानावर माझे नाव दिसले की लेख हुमणीवर असणार, नाहीतर खोडव्याच्या बगला फोडण्यावर असणार, हे आपण धरूनच चालता. या खेपेस विषय अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने तिकडे कशाला जावे, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हटले असते. पण झाले ते असे.

दिवाळीनंतर मोळी पडून आठवडा झाला असेल. आपले एक जुने सभासद तोडणीची तारीख विचारायला गट ऑफिसात आले, बरोबर त्यांचे धाकटे बंधू. बंधू गेली तीस वर्षे अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात. कॉम्प्युटरचे काम करतात, पण बोलणे अजून आपल्या गावचेच. आमचा चिटबॉय नोंदीचे रजिस्टर लिहीत होता. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण तारीख आणि शेवटी शेतकऱ्याची सही. बंधूंनी ते उलटेपालटे करून बघितले आणि विचारले, "साहेब, ही सही केली की ऊस बांधला गेला?"

म्हटले, उपविधीप्रमाणे बांधलाच. आता दर बघून रात्रीत ट्रॉली दुसरीकडे फिरवणारेही आहेत, त्यांची नावे मी इथे छापणार नाही.

ते हसले. म्हणाले, "माझ्या पोरीच्या कॉलेजला मी अशीच सही करून बसलो होतो. २००८ साली."

तिथून जी गोष्ट निघाली ती चहा गार होईपर्यंत चालली. नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचून काढले. आपल्यातल्या बऱ्याच घरांत बारावीचे पोर आहे, म्हणून ते इथे मांडतो.

आधी तिकडची पद्धत. आपल्याकडे इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाला निकाल लागतो, मग राज्याची प्रवेश फेरी होते आणि जागा वाटल्या जातात. तिकडे प्रत्येक कॉलेजचा प्रवेश ज्याचा त्याचा. पोरगे बारावीत असतानाच अर्ज करायचे. एकेक जण आठ-दहा ठिकाणी करतो आणि बहुतेक ठिकाणी अर्जाची फी वेगळी भरतो. नेहमीच्या अर्जाची मुदत साधारण १ जानेवारीच्या आसपास. उत्तर मार्चअखेर येते आणि कुठे जायचे ते १ मेपर्यंत कळवायचे. मधल्या महिन्यात घरचे लोक सगळी पत्रे पुढ्यात घेऊन बसतात, कोणते कॉलेज किती मदत देते आणि खिशातून किती जाते याचा ताळा बघतात.

याखेरीज दुसरी एक वाट आहे, लवकर अर्जाची. मुदत १ नोव्हेंबर किंवा त्या महिन्याच्या मध्यापर्यंत, उत्तर डिसेंबरच्या मध्यावर. यात पुन्हा दोन जाती. एक बांधील अर्ज. तो एकाच कॉलेजला करता येतो आणि त्यावर तीन सह्या लागतात. मुलाची, पालकाची आणि शाळेतल्या सल्लागार शिक्षकाची. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचे, बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. दुसरा मोकळा अर्ज. उत्तर लवकर मिळते, पण होय-नाही म्हणायला १ मेपर्यंत सवड राहते. येल आणि स्टॅनफर्ड ही नामांकित विद्यापीठे या मोकळ्या पद्धतीची. अट एवढीच, की दुसऱ्या खाजगी कॉलेजला लवकरचा अर्ज करायचा नाही.

कॉलेजला बांधील अर्ज का आवडतो, हे ऊस उत्पादकाला वेगळे सांगायला नको. नोंद हातात असली की गाळपाचा कार्यक्रम बसवता येतो. किती ऊस येणार, कधी येणार, तोडणीच्या टोळ्या किती बांधायच्या, सगळे त्यावर ठरते. तसेच निम्मा वर्ग डिसेंबरातच भरला की कॉलेजचा जीव भांड्यात पडतो. त्याच्या बदल्यात लवकर येणाऱ्याला झुकते माप मिळते. एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघा अभ्यासकांनी नामांकित कॉलेजांचे हजारो अर्ज तपासून २००३ मध्ये पुस्तक लिहिले. लवकर अर्ज करण्याचा फायदा हा तिकडच्या प्रवेश परीक्षेत १०० गुण जास्त मिळवण्याइतका असतो, असा त्यांचा हिशेब. परीक्षा तेव्हा १६०० गुणांची होती, त्यावरून अंदाज यावा.

आता या झुकत्या मापाचा लाभ कोणाला? ज्याला मदतीची पत्रे पडताळून बघायची गरज नाही त्याला. म्हणजे पैसेवाल्याला. हीच तक्रार मान्य करून हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया या तीन विद्यापीठांनी २००६ मध्ये लवकर अर्ज बंद करीत असल्याचे जाहीर केले. इतरांनी त्यांचा कित्ता गिरवला नाही, आणि २०११ मध्ये तिघांनीही ते दार पुन्हा उघडले. शेजारचा कारखाना नोंदी घेत असताना आपण एकट्याने नोंद बंद ठेवायची म्हणजे काय होते, ते आपण जाणताच.

तर २००८ साल. अमेरिकेत मंदी डिसेंबर २००७ पासूनच लागली होती, पण घराघरांत भीती शिरली ती १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही मोठी पेढी बुडाली तेव्हा. मुलांच्या शिक्षणासाठी बाजारात ठेवलेले पैसे वितळले. तिकडे घरावर कर्ज काढून फी भरण्याची रीत होती, पण घरांच्या किमतीच कोसळल्याने तीही वाट अडली. विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या काही पेढ्यांनी तर त्याच वर्षी व्यवसायातून अंग काढून घेतले. पुढे ही मंदी जून २००९ मध्ये कागदावर संपली, पण तोवर आणि त्यानंतर मिळून सुमारे ८७ लाख नोकऱ्या गेल्या आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर पोचले.

लेहमन बुडाल्यापासून लवकर अर्जाची मुदत दीड महिन्यावर. जाणत्यांचा अंदाज होता की या वर्षी अर्ज घटणार. दर कळल्याशिवाय नोंद कोण देतो? आणि वर्षाची फी काय होती, तर २००८-०९ मध्ये खाजगी चार वर्षांच्या कॉलेजची सरासरी शिक्षण फी २५ हजार डॉलरच्या वर. राहणे-खाणे वेगळे. राज्याच्या सरकारी विद्यापीठात तीच साडेसहा हजारांच्या आसपास, आणि दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात अडीच हजारांच्या आत.

आकडे आले ते मात्र उलटे. येलकडे लवकरचे साडेपाच हजारांवर अर्ज गेले, आदल्या वर्षाहून सुमारे १४ टक्के जास्त. स्टॅनफर्डलाही चांगली वाढ. बांधील अर्जाच्या कॉलेजांत चित्र संमिश्र राहिले. कोलंबिया, ड्यूक यांचे वाढले, पेन्सिल्वेनिया विद्यापीठाचे उतरले.

याची कारणे मला जी पटली ती सांगतो. पहिली गोष्ट, त्या वर्षी मुलेच जास्त होती. २००८-०९ मध्ये अमेरिकेत शाळा संपवणाऱ्यांची संख्या ३३ लाखांच्या घरात गेली, तोपर्यंतचा तो उच्चांक. एवढ्या गर्दीत आधी उभे राहिलेले बरे, असे प्रत्येकाला वाटणारच. दुसरी गोष्ट आपल्या लोकांना नवल वाटेल अशी आहे. सगळ्यांत श्रीमंत कॉलेजे बेताच्या घरांना सगळ्यांत स्वस्त पडत होती. त्यांच्याकडे देणग्यांचा प्रचंड निधी. हार्वर्डने डिसेंबर २००७ मध्ये आणि त्यापाठोपाठ येल, स्टॅनफर्ड यांनी २००८ च्या सुरुवातीस मदत वाढवली होती. स्टॅनफर्डने तर १ लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षण फीच माफ केली. मंदीत माणूस तिकडे धावणारच. वर तिथला अर्ज मोकळा, सही करून अडकायची भीती नाही.

तिसरे कारण भीती. भीतीने माणूस थांबतो तसा घाईही करतो. पाण्याचा भरवसा नसला की कोणी लागण पुढे ढकलतो, तर कोणी विहिरीत आहे तेवढ्यावर महिनाभर आधीच उरकतो. आमचे न्यू जर्सीवाले दुसऱ्या जातीचे. ते न्यूयॉर्कच्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. कचेरीत रोज कोणाची तरी खुर्ची रिकामी दिसायची. त्यांनी हिशेब केला की आज पगार चालू आहे, कागद चांगले आहेत, पोरीचे डिसेंबरात पक्के होऊन जाऊ दे. मुलगी हुशार, एका खाजगी कॉलेजवर तिचा जीव. ऑक्टोबर संपता संपता त्यांनी बांधील अर्जावर सही केली. थोरल्या भावाला गावी फोन करून सांगितले, तेव्हा हे म्हणाले, "दर ठरला का?" ते म्हणाले, "दर नंतर कळतो."

डिसेंबरात प्रवेश मिळाला. पेढे वाटले, बाकीचे अर्ज मागे घेतले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांची खुर्ची रिकामी झाली.

इथे एक बारीक गोम आहे, ती नीट समजून घ्यावी. कॉलेज मदत ठरवते ती पालकाच्या उत्पन्नावरून, आणि उत्पन्न बघते ते मागच्या वर्षाचे. नोव्हेंबर २००८ मध्ये हाताशी कागद २००७ चे. सरकारी मदतीचा अर्ज तेव्हा १ जानेवारीनंतर भरायचा असे, त्यात उत्पन्न धरायचे २००८ चे. दोन्ही वर्षी या गृहस्थांचा पगार पूर्ण. नोकरी गेली २००९ मध्ये. म्हणजे कागदोपत्री माणूस भरल्या घरातला आणि प्रत्यक्षात चूल मंदावलेली. मागच्या वर्षीचे टनेज बघून यंदाच्या जळालेल्या फडाचा हिशेब करावा, तसे ते झाले. आता २०१६ पासून तो सरकारी अर्ज शरदातच भरता येण्याची सोय झाली, पण त्यासाठी आणखी एक वर्ष मागचे उत्पन्न धरतात. एकीकडे सोय, दुसरीकडे गोम वाढली.

यावर तिकडे उपाय नाही असे नाही. कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला परिस्थिती बदलल्याचे कागद बघून आकडा फिरवण्याचा अधिकार असतो. आणि बांधील अर्जातही, दिलेल्या मदतीत भागत नसेल तर सही मोकळी करून मागता येते. यांनी कामावरून कमी केल्याचे पत्र लावून अर्ज केला. मदत थोडी वाढली. तरी वर्षाला अकरा हजार डॉलर कमी पडत होते, आणि नवीन कर्ज त्या वर्षी कोणी देईना. मार्चमध्ये त्यांनी सही सोडवून घेतली. कॉलेजने सोडलेही, खळखळ केली नाही. पण तोवर इतर चांगल्या ठिकाणच्या मुदती जानेवारीतच टळलेल्या.

कॉलेजांची स्वतःचीही तेव्हा ओढाताण चालली होती, हे सांगितले पाहिजे. हार्वर्डचा निधी जून २००८ मध्ये ३,६९० कोटी डॉलर होता, तो वर्षभरात २,६०० कोटींवर आला. येलचा २,२९० कोटींवरून १,६३० कोटींवर. हे तर मोठे बागायतदार झाले. लहान कॉलेजांचे काय? ओरेगॉन राज्यातल्या रीड कॉलेजने २००९ च्या वसंतात निवडयादी तयार झाल्यावर मदतीचे पैसे पुरत नाहीत म्हणून शंभरावर गरजू मुलांची नावे काढली आणि त्या जागी फी भरू शकणारी मुले घेतली. वर्तमानपत्रांत ते गाजले. निदान त्यांनी ते लपवले नाही. सरकारी कॉलेजांतही हात आखडले. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने नोव्हेंबर २००९ मध्ये फी ३२ टक्क्यांनी वाढवली, तर त्याच राज्याच्या दुसऱ्या मोठ्या विद्यापीठसमूहाने सुमारे ४० हजार विद्यार्थी कमी करायचे ठरवले.

मग मंदीत शिकणारे घटले का? तेही नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये १८ ते २४ वयाच्या अमेरिकन मुलांपैकी जवळजवळ ४० टक्के कॉलेजात होती, तोपर्यंतची सर्वांत मोठी संख्या, सुमारे १ कोटी १५ लाख. आणि ही वाढ जवळजवळ सगळी दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांत. नोकरी मिळत नाही तर शिकून घेऊ, आणि घरी राहून शिकू. नामांकित कॉलेजांच्या लवकर अर्जांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले, पण मंदीची खरी गर्दी लोटली ती या साध्या कॉलेजांवर. न्यू जर्सीत त्यांना जिल्ह्याचे कॉलेज म्हणतात. आपल्या गोष्टीतली मुलगी सप्टेंबर २००९ मध्ये तिथेच गेली. दोन वर्षे बापाच्या जुन्या मोटारीतून येऊन-जाऊन शिकली आणि तिसऱ्या वर्षाला राज्याच्या विद्यापीठात दाखल झाली. पदवी वेळेत झाली. पण पहिले सहा महिने ती कोणाशी धड बोलत नव्हती, हेही वडिलांनी सांगितले. शाळेतल्या सगळ्यांना माहीत होते ना तिला कुठे प्रवेश मिळाला होता ते.

दर मंदीत असेच घडते असे समजू नये. २०२० च्या कोरोनाच्या साली शंभरेक वर्षांत एखादाच येतो तसला फटका बसला, पण आकडे निराळे आले. त्या शरदात नामांकित ठिकाणी लवकर अर्जांचा पूर आला. हार्वर्डकडे १० हजारांवर गेले, आदल्या वर्षाच्या दीडपट. त्याचे एक मोठे कारण प्रवेश परीक्षेची सक्ती उठली हे होते. मात्र ज्यांच्या घरात पहिलेच कोणी कॉलेजला जाणार होते आणि ज्यांना अर्जाची फी माफ होती, अशा मुलांचे अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीस आदल्या वर्षापेक्षा स्पष्ट कमी होते. आणि स्थानिक कॉलेजांत २००८ सारखी गर्दी व्हायच्या ऐवजी विद्यार्थी सुमारे १० टक्क्यांनी घटले. घरात आजार, शाळेत सल्ला द्यायला कोणी नाही, वर्ग सगळे पडद्यावर. ज्याच्याकडे सांगणारे माणूस होते तो आधी धावला, ज्याच्याकडे नव्हते तो राहिला.

सभासद म्हणतील, साहेब, आमच्या पोराला कुठे हार्वर्डला जायचे आहे. बरोबर. पण बांधील अर्ज आपल्या दारात आलेला आहे, फक्त त्याला ते नाव नाही. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेरीत पहिल्या फेरीला पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ती जागा पक्की होते, ती घ्यावीच लागते. पुढच्या फेरीचा मार्ग बंद. म्हणजे पसंतीची पहिली ओळ ही सहीच आहे. गेल्या दोन वर्षांत आमच्या गटातल्या तीन घरांनी, शेजारच्या पोराने लिहिले म्हणून एका लांबच्या खाजगी कॉलेजचे नाव पहिल्या ओळीत टाकले आणि फीचा आकडा जागा मिळाल्यावर बघितला. कॉलेजवार फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करते, अर्ज भरायच्या आधी ती बघता येते. त्यातल्या एका घराने जागा सोडली, एकाने सोसायटीचे कर्ज थकवले. तिसऱ्याचे मी इथे लिहीत नाही, ते घर अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

बरे, आपला पैशाचा हंगाम आणि फीचा हंगाम जुळत नाही. ऊस बिल कायद्याने १४ दिवसांत, पण ऊस जातो नोव्हेंबर ते मार्च. फी मागतात जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा घरात लागणीचा आणि खताचा खर्च चालू असतो. २००८-०९ चा हंगाम आठवतो का? देशातली साखर सुमारे २६३ लाख टनांवरून १४५ लाख टनांच्या आसपास उतरली. ऊसच नव्हता. मी तेव्हा गटात नवीन, आणि कारखान्याची माणसे नोंदीसाठी बांधाबांधावर फिरत होती. ज्याच्याकडे ऊस होता त्याला दर मिळाला, ज्याचा फड वाळला त्याच्या पोराची फी कोणी विचारली नाही.

कागदांचे तेवढे सांगून ठेवतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे. नॉन क्रिमीलेयरला तीन वर्षांचे उत्पन्न बघतात. २०२४-२५ पासून राज्यात ठरावीक प्रवर्गांतल्या, ८ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली आहे. दाखले तहसीलमधून मिळतात आणि जूनमध्ये तिथे रांग असते. गट ऑफिसात सात-बारा आणि ऊस बिलाचा उतारा मागितला तर त्याच दिवशी देण्यास आमच्या लोकांना सांगितलेले आहे. चिटबॉयने टाळाटाळ केली तर मला सांगा.

त्या दिवशी उठता उठता थोरल्या भावाने धाकट्याला विचारलेच, "मग धाकट्याच्या वेळी काय केलंस?" त्यांना मुलीनंतर बारा वर्षांनी झालेला मुलगा आहे. त्याचा अर्ज २०२० च्या शरदातला.

"बांधील अर्ज केलाच नाही," ते म्हणाले. "सगळे मोकळे केले. एप्रिलमध्ये चार कॉलेजांची पत्रं आली, ती जेवणाच्या टेबलावर मांडली. पोरगं म्हणत होतं, पहिलंच घेऊ. पोरगी कामावरून आली, कोट न काढता बसली आणि एकेका पत्राच्या खाली पेन्सिलीनं बेरीज मांडत गेली."

तेवढ्यात चिटबॉयने त्यांची तोडचिठ्ठी आणून दिली. आडसाली को ८६०३२, दोन एकर, टोळी सोमवारी लागणार.